सोबत कोणाची, पाणी कुठलं?

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे, ठाण्याला राहते. गेल्या जानेवारीत अंदमानला जाऊन स्कूबाचा ‘ओपन वॉटर’ कोर्स केला. कोर्समधल्या चार आणि नंतरच्या दोन, अशा सहा डाइव्ह झाल्या. तेव्हापासून पाण्याखालचं ते जग डोळ्यांसमोरून हलत नाही. अडचण अशी, की घरात कुणालाच यात रस नाही. यजमानांना तर पाण्याची भीतीच वाटते. कोर्सला बरोबर होती ती मुलं हैदराबादची, वयानं माझ्या निम्मी. आता पुन्हा डाइव्हला जायचं तर ‘बडी’ आणायचा कुठून? अनोळखी माणसाच्या भरवशावर समुद्रात उतरणं शहाणपणाचं आहे का? दुसरं म्हणजे, मुलगा एडिंबराला शिकतो आणि पुढच्या जुलैत मी त्याच्याकडे जाणार आहे. तिथल्या समुद्रातही लोक डाइव्ह करतात, असं तो सांगतो. इतक्या गार पाण्यात दिसतं तरी काय? माझ्यासारखीनं तिथे उतरावं, की आपलं कोमट पाणीच बरं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गावाकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो : विहिरीवर एकट्यानं जायचं नाही. पाठीला भोपळा बांधलेला असो की पांगाऱ्याचा बिंडा, काठावर कुणीतरी बसलेलं हवंच. स्कूबातला बडी म्हणजे हीच सोबत. पण समुद्रात, बोटीवर बसलेल्या माणसाला खाली तुमचं काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून या सोबतीला तुमच्याबरोबर खाली उतरावं लागतं.

तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकमेकांत गुंतलेले आहेत. पाणी जितकं गार आणि गढूळ, तितकी या सोबतीवरची भिस्त वाढते. त्यामुळे ‘कुठल्या पाण्यात जाऊ?’ याचं उत्तर ‘बरोबर कोण आहे?’ हे ठरल्याशिवाय देता येत नाही. आधी सोबतीचं बघू.

बडी नेमका कशासाठी?

कोर्समध्ये तुम्हाला सांगितलं असेल, की टाकीत ५० बार हवा उरलेली असताना वर आलेलं असायला हवं. ही शिल्लक कुणासाठी ठेवायची, ते एकदा हिशेब मांडून पाहू.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे जवळपास एक बार, दाब वाढतो. वर एक, १० मीटरवर दोन, आणि तुमच्या प्रमाणपत्राची मर्यादा असलेल्या १८ मीटरवर २.८. फुप्फुसं तेवढीच भरतात, पण दाबाखाली हवा दाट होते. त्यामुळे वर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १८ मीटरवर ५६ लिटर लागते. आपल्याकडे सहसा मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटरची असते. २०० बारपर्यंत भरली, की तिच्यात २२०० लिटर हवा बसते. ५० बारवर उरते ५५० लिटर.

आता समजा, तुम्ही १८ मीटरवर आहात, तुमच्या टाकीत ५० बार आहेत आणि जोडीदाराची हवा अचानक बंद झाली. तुम्ही त्याला आपला राखीव रेग्युलेटर, म्हणजे ऑक्टोपस, दिला. दोघांचेही श्वास भीतीनं दुपटीनं वाढले, म्हणजे दोघांचे मिळून मिनिटाला ८० लिटर. खाली सावरून एकमेकांना धरायला एक मिनिट गेलं : २२४ लिटर. मग मिनिटाला ९ मीटर या सुरक्षित वेगानं वर यायला दोन मिनिटं. वाटेतला सरासरी दाब १.९ धरला, तर ३०४ लिटर. बेरीज झाली ५२८. शिल्लक २२ लिटर! एरवी आपण ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतो, तेवढीही हवा यात उरत नाही.

म्हणजे शेवटचे ५० बार तुमचे नाहीतच. ते जोडीदाराचे आहेत, आणि त्याच्या टाकीतले ५० बार तुमचे. बडीची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. दोघांनी एकमेकांची ठेव सांभाळत पोहायचं आणि ती मागितल्याबरोबर देता येईल इतक्या अंतरावर राहायचं.

हे अंतर किती, ते तुम्ही स्विमिंग पूलमध्ये, शिक्षक शेजारी असताना, स्वतः मोजून पाहा. श्वास पूर्ण सोडा आणि नवा न घेता जोडीदाराच्या ऑक्टोपसपर्यंत पोहत जा. जेमतेम दोन-तीन मीटर जाता येईल. तेवढंच तुमचं सुरक्षित अंतर.

अनोळखी माणसावर भरवसा ठेवावा का?

माझ्या स्वतःच्या एका डाइव्हबद्दल सांगतो. मुरुडेश्वरहून बोटीनं नेत्राणी बेटावर गेलो होतो. त्या दिवसाचा जोडीदार सकाळी बोटीवर पहिल्यांदा भेटलेला. टाक्या चढवण्यापूर्वी त्यानंच विषय काढला, ‘चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडलो तर वर. चालेल ना?’ मी हो म्हटलं. खाली एका कपारीत मोरे ईल दिसला आणि मी त्याच्याकडे बघत रेंगाळलो. मान वळवली तर शेजारी कुणी नाही. चूक माझी होती. थांबतोय अशी खूण मी त्याला केलीच नव्हती. छातीत धस्स झालं. पण काय करायचं, ते ठरलेलं होतं. गोल फिरून पाहिलं, वर-खाली बुडबुडे शोधले, मिनिट झाल्यावर सावकाश वर आलो. पाण्यातून डोकं बाहेर काढलं, तर पंधरा-वीस हातांवर तोही नुकताच वर येत होता. ओळख जेमतेम दोन तासांची, पण दोघांनी नेमकं तेच केलं होतं.

त्या दिवसापासून ओळख जुनी की नवी, याला मी फार महत्त्व देत नाही. जुना मित्रही ‘मी आहे ना’ म्हणून कॅमेरा घेऊन निघून जाऊ शकतो. भरवसा बसतो तो बोटीवर पाच मिनिटं नीट झालेल्या बोलण्यावर. त्या पाच मिनिटांत विचारायचं ते असं :

आजवर किती डाइव्ह झाल्या, आणि शेवटची केव्हा? (डाइव्ह शंभर झाल्या असतील, पण शेवटची चार वर्षांपूर्वीची असेल, तर तेही कळायला हवं.) हवा लवकर संपते की पुरते? कॅमेरा नेणार आहात का? किती खोल जायचं, किती बारवर परत फिरायचं? कानात दडा बसला तर कुठली खूण? चुकामूक झाली तर काय? आणि हे सगळं विचारताना आपलंही खरं सांगायचं : ‘माझ्या सहाच झाल्या आहेत, मला घाई नको.’ हे सांगायला संकोच वाटू देऊ नका. ते ऐकून जो कंटाळलेला चेहरा करेल, त्याच्याबरोबर उतरायचं नाही.

खुणाही एकदा उजळून घ्या. आपल्याकडे अंगठा वर केला, की ‘छान’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. ‘सगळं ठीक’ यासाठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. घाईगर्दीत नव्या लोकांची गल्लत होते ती इथेच.

शेवटी एकमेकांची सामग्री तपासायची : जॅकेटमध्ये हवा भरते-सुटते का, वजनं नीट बसली आहेत का, बकल कुठले आणि कसे सुटतात, टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, ऑक्टोपस कुठे अडकवला आहे. त्याच्या जॅकेटचं बकल तुमच्यापेक्षा वेगळं असेल, तर ते एकदा हातानं उघडून बघा. खाली शोधत बसायला वेळ नसतो.

आणि एक हक्क कायम लक्षात ठेवा. कुणीही, केव्हाही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो. अंगठा वर झाला, की दोघांनी वर यायचं. वाद घालायचा नाही, रुसायचं नाही. तुम्ही ४४ वर्षांच्या, बाकीचे पंचविशीतले, पैसे भरलेले, बोट निघालेली, अशा वेळी ‘मला बरं वाटत नाही’ म्हणणं अवघड जातं. तरीही म्हणायचंच.

मग हा जोडीदार मिळवायचा कुठे?

सुरुवात जिथे शिकलात तिथूनच करा. तुमच्या शिक्षकांना तुमचं पाण्यातलं वागणं माहीत आहे. कुणाशी तुमचं जमेल, ते त्यांच्याइतकं दुसरा कुणी सांगू शकणार नाही. हैदराबादच्या मुलांना वयामुळे बाद करू नका. त्यांचा आणि तुमचा अनुभव सारखा आहे, शिक्षण एकत्र झालेलं आहे. जोडी जमायला एवढं पुरेसं असतं. त्यांनाही कदाचित आणखी एक जोडीदार हवाच असेल.

मुंबई, पुणे, बंगळुरूतली प्रशिक्षण केंद्रं स्विमिंग पूलमध्ये सराव ठेवतात आणि मोसमात सहली काढतात : नेत्राणी, गोव्याजवळचं ग्रँड आयलंड, लक्षद्वीप, अंदमान. एखाद्या केंद्रात नियमित सरावाला जा. तीन-चार रविवार एकत्र सराव केला, की कुणाबरोबर आपल्याला शांत वाटतं ते आपोआप कळतं. ते कळलं, की सहलीला एकत्र जा.

मालवण-तारकर्लीबद्दल एक खुलासा. तिथे पर्यटकांसाठी होणाऱ्या बहुतेक डाइव्ह बिनप्रमाणपत्राच्या असतात. प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो, बडीचा प्रश्नच येत नाही. तुम्ही प्रमाणपत्रधारक आहात, हे फोनवर आधी सांगा आणि तशा डाइव्हची वेगळी सोय आहे का, ते विचारा.

कुणीच मिळालं नाही, तर जास्तीचे पैसे मोजून स्वतःपुरता डाइव्हमास्टर घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पहिल्या पंधरा-वीस डाइव्ह अशा माणसाबरोबर झाल्या, तर शिकायलाही खूप मिळतं. आणि जमेल तेव्हा ‘रेस्क्यू डायव्हर’ हा कोर्स करा. त्यात दुसऱ्याला संकटातून कसं सोडवायचं ते शिकवतात. चांगली सोबत हवी असेल, तर आधी आपण चांगली सोबत व्हायला हवं; तशा माणसाला बोटीवर सगळेच जागा करून देतात.

गार पाण्यात वेगळं काय?

कोकण-गोव्याचं आणि अंदमानचं पाणी साधारण २६ ते ३० अंशांचं. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. तरीही तिसऱ्या डाइव्हनंतर तुम्हाला कुडकुडल्यासारखं झालं असेल. त्याचं कारण, पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं शरीरातली उष्णता ओढून घेतं.

एडिंबराहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, आग्नेयेला, सेंट अ‍ॅब्स नावाचं छोटं बंदर आहे. तिथला समुद्र मार्चमध्ये ५-६ अंशांवर उतरतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फार तर १३-१४ अंशांपर्यंत चढतो. इथे वेटसूट अपुरा पडतो. निओप्रीनचा सूट ऊब देतो तो त्यातल्या बारीक बुडबुड्यांमुळे; खोल गेलं, की दाबानं ते चेपतात आणि जिथे थंडी जास्त, तिथेच सूट पातळ होतो. म्हणून लोक ड्रायसूट घालतात. आत उबदार कपडे, वरून पाणी न शिरणारा सूट आणि आत हवा सोडायला-काढायला व्हॉल्व्ह.

ड्रायसूट म्हणजे नुसता जाड कपडा नव्हे. सांभाळायची ती आणखी एक हवेची पिशवीच. डोकं खाली, पाय वर झाले, तर हवा पायांकडे धावते आणि माणूस उलटा वर खेचला जाऊ शकतो. वजनंही बरीच वाढतात. अंदमानात चार-पाच किलो शिसं पुरलं असेल, तर तिथे दहाच्या पुढे जातं. जाड हातमोज्यांत बकल, व्हॉल्व्ह, खुणा सगळंच जड जातं. त्यामुळे ड्रायसूट आधी शिक्षकाबरोबर शिकावाच लागतो.

दुसरा धोका रेग्युलेटर गोठण्याचा. टाकीतली २०० बारची हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात एकदम दहा-एक बारपर्यंत फुगते आणि फुगणारी हवा गार होते. पाणीच १० अंशांच्या खाली असेल, तर तिथे बर्फ धरू शकतो, व्हॉल्व्ह उघडा अडकतो आणि हवा धो धो वाहू लागते. टाकी काही मिनिटांत रिकामी. आता मघाचा हिशेब आठवा. अशा वेळी जोडीदाराचे ५० बार किती अंतरावर आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. जुलैच्या समुद्रात हा धोका कमी. हिवाळ्यात आणि खोल सरोवरांत जास्त.

पण याहून मोठा फरक पद्धतीचा आहे, आणि तो तिकडे जाईपर्यंत लक्षात येत नाही. उबदार पाण्यातलं डायव्हिंग बहुतेक रिसॉर्टच्या पद्धतीनं चालतं : तीन-चार जणांपुढे एक गाइड, तोच वाट दाखवतो, मासे दाखवतो, तुमची हवा विचारतो. ब्रिटनमध्ये डायव्हिंग क्लबांनी वाढवलं. तिथला ‘ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब’ १९५३चा. बोटीचा नाखवा तुम्हाला जागेवर सोडतो आणि पुढे जोडी आपापली जाते. दिशा, वेळ, हवा, भरती-ओहोटीत पाणी थांबण्याची वेळ, वर येताना खूण म्हणून सोडायचा रंगीत फुगा, सगळं दोघांनीच सांभाळायचं. अंदमानात बडी जरा कच्चा असला, तरी गाइड सावरून घेतो. सेंट अ‍ॅब्सला सावरून घेणारा तिसरा कुणी नसतो.

तरी लोक तिथे का जातात?

कारण गार पाणी भरलेलं असतं. उष्ण कटिबंधातलं पाणी निळं आणि नितळ दिसतं, ते त्यात अन्न कमी असतं म्हणून. सूक्ष्म जीवच थोडे, त्यामुळे नजर लांब पोचते. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, वादळं आणि प्रवाह तळाचं खत वर आणतात, आणि पाणी हिरवट होतं ते जिवांच्या गर्दीनं. सेंट अ‍ॅब्सच्या किनाऱ्यावर केल्प नावाच्या शेवाळाची रानं आहेत, पाणी डोलेल तशी डोलणारी. त्याखाली खडकांवर ‘मेलेल्या माणसाची बोटं’ असं नाव पडलेलं मऊ प्रवाळ पांढऱ्या-केशरी गुच्छांनी दाटलेलं असतं. कपारीत वुल्फफिश बसलेला असतो, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा. नशीब असेल, तर राखाडी सील येऊन फिन ओढतो. ‘कॅथीड्रल रॉक’ ही खडकाची कमान तिथल्या डायव्हरांची लाडकी जागा. स्थानिक मच्छीमार आणि डायव्हर यांनी मिळून जपलेलं हे पाणी १९८४पासून स्वेच्छेनं राखलेलं सागरी क्षेत्र आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लोमध्ये तर इतिहासच तळाशी पडला आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे अडकवून ठेवलेलं जर्मन आरमार २१ जून १९१९ रोजी त्याच्याच अधिकाऱ्यांनी बुडवलं. ५२ जहाजं गेली. पुढे बहुतेक वर काढली, सात मोठी अजून खाली आहेत. ती बरीच खोल आहेत, तुमच्या आत्ताच्या प्रमाणपत्रापलीकडची. पण एखादं स्वप्न दूरचं असलेलंही बरं.

तर तुम्ही काय करावं?

नारळी पौर्णिमा होऊन गेली आहे. ऑक्टोबरपासून आपल्या किनाऱ्याचा मोसम सुरू होईल, तो मेपर्यंत. आधी डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्या. पंचेचाळिशीच्या आसपास हृदय, रक्तदाब, कान बघितलेले बरे, आणि गार पाणी रक्तदाब वाढवतं. मग पूलमध्ये उजळणी. मग या मोसमात कोमट पाण्यात पंधरा-वीस डाइव्ह, शक्यतो एकाच जोडीदाराबरोबर. खोल जाण्याचा सोस नको. १२ मीटरवर हालचाल न करता तरंगत राहता येणं आणि दर काही श्वासांनी मान वळवून जोडीदार पाहण्याची सवय लागणं, एवढं साधलं तरी मोसम सत्कारणी लागला. परतीच्या विमानाआधी मात्र १८ तासांची विश्रांती सोडू नका.

हे झालं, तर जुलैत स्कॉटलंडमध्ये ड्रायसूटचा कोर्स करा. तिथला पहिला जोडीदार शिक्षकच असू दे. उथळ पाणी, सौम्य दिवस, छोटी डाइव्ह. आणि मोसमात पंधरा डाइव्ह झाल्याच नाहीत, तर भाड्यानं जाड वेटसूट घेऊन मुलाबरोबर किनाऱ्यालगत स्नॉर्केलिंग करा; केल्पचं रान वरूनही दिसतं. पुढचं पुढच्या वर्षी.

शेवटी एक सुचवतो. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे डायव्हिंग क्लब असतात. मुलाला विचारा, त्याला यायचंय का. हिवाळाभर तो तिथल्या पूलमध्ये शिकेल, तुम्ही इथल्या समुद्रात, आणि जुलैत दोघं एकत्र शिक्षकाबरोबर उतराल. तेव्हा आई-मुलगा आहोत म्हणून ती पाच मिनिटं गाळू नका. बंदरावर बसून त्याला सगळे प्रश्न विचारा, त्याचं बकल स्वतःच्या हातानं उघडून पाहा, आणि तुमचे ५० बार कुणाचे आहेत, ते त्याला सांगा.